फटाक्याची इजा कुणाला होते, कुठे होते आणि का

फटाक्याने कुणाला लागलं असं कळलं की पहिला प्रश्न येतो, ‘हातात धरून उडवला का?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. नुसत्या डोळ्यांच्या इजा घेतल्या तर जवळपास निम्म्या जखमींनी वात पेटवलेलीच नसते. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये आला होता. त्यातले ७७ टक्के जखमी पुरुष किंवा मुलगे होते, बहुतेक जण तरुण होते, आणि ४७ टक्के जण नुसते बघत उभे होते. बहुतांश इजा किरकोळ होत्या, पण सुमारे १६ टक्क्यांची नजर जवळजवळ गेली आणि सुमारे ४ टक्क्यांचा डोळाच काढावा लागला.

वयाचं गणितही अंदाजापेक्षा वेगळं निघतं. ‘लहान मुलांना जपा’ हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या २०२४च्या आकडेवारीत इस्पितळात आलेल्या अंदाजे १४,७०० जखमींमध्ये सर्वात मोठा गट २५ ते ४४ वयाचा होता, जवळपास एक तृतीयांश. त्याखालोखाल १५ ते २४. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी नसतं, आणि ज्यांनी इतरांवर लक्ष ठेवायचं असतं, तेच सर्वाधिक जखमी होतात. त्या वर्षी ११ मृत्यूही नोंदले गेले. सर्वाधिक मार हाताला आणि बोटांना, मग डोकं, चेहरा आणि कान यांना. एकतृतीयांशाहून अधिक इजा भाजण्याच्या होत्या.

या इजा योगायोगाने होत नाहीत. कुठला फटाका, तो कसा धरला किंवा ठेवला, आणि बिघाड नेमका कुठल्या क्षणी झाला, या तीन गोष्टी कळल्या की शरीराचा कुठला भाग सापडला असेल हे बऱ्याचदा आधीच सांगता येतं.

दारू आणि वात

फटाक्यात ढोबळमानाने दोन प्रकारची दारू असते. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती उघड्यावर थोडी पसरली तर भसकन जळते. कागदाच्या घट्ट नळीत कोंडली की वायूला वाट मिळत नाही, आणि नळी फुटते. दुसरी चमकदार, रुपेरी दारू: पोटॅशियम परक्लोरेटसारखं ऑक्सिजन पुरवणारं रसायन आणि ॲल्युमिनियमची बारीक पूड. ही कितीतरी वेगाने पेटते, आणि तिचा नुसता ढीगही, कुठे न कोंडता, स्फोट करू शकतो. न उडालेले फटाके फोडून त्यातली दारू कागदावर गोळा करायची आणि काडी लावायची हा मुलांचा जुना उद्योग. यात चेहरा आणि दोन्ही हात एकदमच भाजतात, कारण मूल ढिगावर वाकलेलं असतं.

प्रमाण किती महत्त्वाचं आहे याचा अंदाज यावा म्हणून: अमेरिकेत सामान्य माणसाला मिळणाऱ्या, जमिनीवर वाजणाऱ्या फटाक्यात आवाजाची दारू ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तिथे १९६६ साली बंदी घातलेल्या ‘एम-८०’ नावाच्या बारात ती ३ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे साठपट. बाहेरून पाहिलं तर दोन्ही कागदाच्या नळ्याच.

वातीसाठी तिथला नियम असा की ती किमान ३ आणि जास्तीत जास्त ९ सेकंद जळली पाहिजे. ३ सेकंद म्हणजे किती, हे चालून बघा. वाकलेल्या अवस्थेतून उठायला आणि वळायला एक सेकंद जातो, उरलेल्या दोन सेकंदांत झपाझप चालून तीन-साडेतीन मीटर होतात. युरोपीय संघाच्या नियमांत मोकळ्या जागेत उडवायच्या फटाक्यांसाठी, म्हणजे तिथल्या दुसऱ्या गटासाठी, किमान ८ मीटर आणि तिसऱ्या, मोठ्या गटासाठी किमान १५ मीटर अंतर सांगितलं आहे. वात नियमातली असली तरी वेळ काठावरची. आणि वात नेहमी नियमातली नसते. दमट झालेली वात मध्येच मंदावते, मोडलेल्या वातीतून ठिणगी उडून थेट पुढच्या टोकाला पोचते. म्हणून उदबत्ती लांब हवी, हात ताणलेला हवा, आणि तोंड नळीच्या वर कधीच नको.

हात: चिमटीत आणि मुठीत

स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. हातभर लांब वाजलेल्या लहान फटाक्याने कान सुन्न होतील, बोटं जाणार नाहीत. तोच फटाका चिमटीत असेल तर अंगठा आणि तर्जनी यांची टोकं फाटतात. मुठीत असेल तर गोष्टच वेगळी: बंद मूठ म्हणजे फटाक्यावर आणखी एक आवरण, आणि फुटताना ते आवरण फुटतं.

अशा हातात फाटण्याची जागा ठरलेली असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल पडदा सर्वात आधी उसवतो, अंगठा मुळापासून निखळतो, मग तर्जनी, मग मधलं बोट. करंगळीकडचा भाग त्या मानाने वाचतो. दुर्दैव असं की हाताच्या एकूण कामात अंगठ्याचा वाटा सुमारे ४० टक्के धरला जातो. विळीने तुटलेलं बोट पुन्हा जोडणं पुष्कळदा जमतं. फटाक्याने गेलेलं बोट क्वचितच जोडता येतं, कारण रक्तवाहिन्या कापल्या जात नाहीत, त्या चिंध्या होतात.

वरून साबूत दिसणारा हातही फसवतो. स्फोटाच्या धक्क्याने आतले स्नायू सुजतात, आणि त्यांच्याभोवतीचं वेष्टण ताणलं जात नसल्याने आतला दाब वाढत जातो. बोटं सरळ करताना असह्य कळ येणं, इजेच्या मानाने वेदना फार जास्त असणं, बोटं बधिर होणं ही त्याची चिन्हं. अशा वेळी काही तासांत ते वेष्टण शस्त्रक्रियेने मोकळं करावं लागतं, नाहीतर स्नायू मरतात. ‘सूज आहे, सकाळी बघू’ हा निर्णय इथे हात घालवतो.

फुलबाजी, जिला कुणी घाबरत नाही

घरात सर्वात लहान मुलाच्या हातात जाणारा फटाका म्हणजे फुलबाजी, आणि तिचं टोक सुमारे १,००० अंश सेल्सिअसला जळतं. कातडी ७० अंशांच्या स्पर्शाने एका सेकंदाच्या आत खोलवर भाजते. अमेरिकेतल्या २०२४च्या आकड्यांत फुलबाजीच्या वाट्याला अंदाजे १,७०० इजा होत्या.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हात आणि फुलबाजीची लांबी शेजारी ठेवून पाहा. हात कोपरात जरा वाकला की जळतं टोक चेहऱ्यापासून वीतभरावर येतं. मूल घाबरलं की हात आत ओढतं, फेकून देत नाही. मुलाला कडेवर घेऊन त्याच्या हातात फुलबाजी देणं हे तर दोघांच्याही चेहऱ्याजवळ जाळ धरणं. दोन-तीन फुलबाज्या एकत्र पेटवल्या की त्या एकामागून एक जळत नाहीत, एकदम भडकतात आणि ज्वाळ हाताकडे येते.

विझलेली तारही काही मिनिटं चटका देण्याइतकी तापलेली असते. ती जमिनीवर टाकली जाते, अंधारात दिसत नाही, आणि अनवाणी किंवा पातळ चपलेतला पाय तिच्यावर पडतो. तळपायाच्या भाजण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. उपाय मामुली आहे: शेजारी पाण्याची बादली, आणि प्रत्येक तार विझली की थेट बादलीत.

कपडे पेटण्याच्या घटनाही पुष्कळदा फुलबाजी, भुईचक्र आणि भुईनळा यांच्याच असतात. घोळदार कपडा ठिणगी पकडतो. नायलॉन आणि पॉलिस्टर पेटतात आणि वितळून कातडीला चिकटतात, म्हणून जखम कपड्याच्या आकाराची आणि खोल होते. अंगावरचा कपडा पेटला की माणूस पळतो, आणि पळाल्याने जाळ चेहऱ्याकडे चढतो. त्याला थांबवायचं, आडवं करायचं, लोळवायचं.

बाण, शॉट आणि बघणारे

बाणाची दिशा काडी आणि बाटली मिळून ठरवतात. बाटली हलकी असेल, काडी तिच्यात अडकली असेल किंवा वाकलेली असेल, तर बाण आडवा जातो. आडवा गेलेला बाण ज्या उंचीवरून फिरतो ती माणसाच्या चेहऱ्याची. गच्चीत आणि खिडकीत उभी असलेली माणसं स्वतःला लांब समजतात, पण ती बाणाच्या वाटेत असतात. स्वीडनने २०१९च्या जूनपासून काडीच्या बाणांसाठी प्रशिक्षण आणि परवाना सक्तीचा केला, तो याच बेभरवशामुळे.

नळीतून गोळा उडवणाऱ्या शॉटचा प्रकार याहून गंभीर. गोळ्याच्या खालच्या बाजूला त्याला वर फेकणारी दारू असते. गोळा उलटा घातला तर तो वर जात नाही, नळीतच फुटतो. नळी आडवी पडली तर गोळा गर्दीत शिरतो. आणि नळी हातात, छातीशी किंवा डोक्यावर धरून उडवण्याचा अचाटपणा मोठी माणसं करतात, बऱ्याचदा दारू पिऊन. अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींत हा प्रकार पुन्हा पुन्हा येतो. अनेक शॉटचा खोका असेल तर तो सपाट जागी विटांच्या आधाराने पक्का बसवायचा. चौथ्या-पाचव्या धक्क्याला खोका कलंडतो, आणि तोवर सगळे बिनधास्त जवळ आलेले असतात.

डोळ्याला होणाऱ्या इजा तीन तऱ्हेच्या. ठिणगी किंवा तापलेला कण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भाजतो. काडी, गोळा, दगडाचा तुकडा बोथट मार देतो: डोळ्यात पुढच्या बाजूला रक्त साचतं, भिंग सरकतं, मागचा पडदा फाटतो. तिसरी तऱ्हा म्हणजे डोळ्याला भोक पडणं. हे बाहेरून दिसेलच असं नाही. बाहुली गोल न दिसता थेंबासारखी ओढलेली दिसणं, डोळा मऊ किंवा आत गेलेला वाटणं, अचानक दिसेनासं होणं ही खूण समजावी. साधा चष्मा इथे कामाचा नाही, काचेचा असेल तर उलट तुकडे आत घुसतात. कामगार वापरतात तो बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा चालतो, आणि तो पेटवणाऱ्याने घालावा तसाच बघणाऱ्यानेही.

घरगुती ‘कार्बाइड बंदूक’ हा याच यादीतला नवा घातक प्रकार. प्लॅस्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि पाणी घातलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि लायटरच्या ठिणगीने तो फुटतो. बार लागला नाही की पोरगं पाइपाच्या तोंडातून आत डोकावतं, आणि तेवढ्यात तो लागतो. वर त्या पाइपात वायूसोबत चुनाही तयार झालेला असतो. म्हणजे डोळ्यात एकाच वेळी जाळ, कार्बाइडचे कण आणि तीव्र अल्कली. अल्कली आम्लापेक्षा वाईट, कारण ती डोळ्यात आत आत झिरपत राहते. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात अशा बंदुकांमुळे शंभराहून अधिक जण डोळ्यांच्या इजा घेऊन इस्पितळांत पोचले, त्यांत मुलं फार होती.

कानाचं थोडक्यात. भारतातल्या नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर फटाक्याच्या आवाजाचं शिखर १४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबलची शिखरमर्यादा सांगते. म्हणजे नियमात बसणारा मोठा बारही ४ मीटरवर सुरक्षित ठरतोच असं नाही. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो, तेव्हा २ मीटरवर १५१. कानात सतत शिट्टी वाजणं, बधिरपणा, रक्त किंवा पाणी येणं दिसलं तर कानात थेंब घालू नयेत, पाणी जाऊ देऊ नये, आणि कानाच्या डॉक्टरांकडे लगेच जावं. अचानक गेलेल्या ऐकण्यावर लवकर उपचार मिळाले तर काही फायदा होण्याची शक्यता राहते.

फुसका बार

सर्वात धोकादायक फटाका कोणता, याचं आमचं उत्तर: जो वाजला नाही तो. वात विझल्यासारखी दिसते, पण आत ठिणगी धुमसत असू शकते. माणूस बघायला वाकतो, फुंकर मारतो, उचलून हलवतो. त्या क्षणी चेहरा आणि हात दोन्ही एकाच वेळी स्फोटाच्या जागी असतात. किमान १५ ते २० मिनिटं जवळ जायचं नाही. मग लांबून भरपूर पाणी ओतायचं, आणि नंतर फावड्याने उचलून पाण्यात भिजत ठेवायचा. पुन्हा पेटवायचा नाही. ‘वात तर पूर्ण जळली’ हा धोका संपल्याचा पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं हे फुसके बार वेचायला निघतात, म्हणून रात्रीच अंगण झाडून सगळं भिजवायला हवं. खिशात सुटे फटाके ठेवू नयेत, एकमेकांवर घासून आणि जवळच्या ठिणगीने ते पेटतात, आणि मांडीची जखम मोठी होते. डबा, बाटली, मडकं यांखाली फटाका लावला की आवरणाचे तुकडे गोळीसारखे सुटतात. अगदी लहान मुलांच्या बाबतीत न पेटवलेला फटाकाही घातक: हिरव्या रंगासाठी आणि फुलबाजीत वापरलं जाणारं बेरियम नायट्रेट पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने उतरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. मुलाने फटाका चघळला असेल तर वेष्टण सोबत घेऊन इस्पितळ गाठावं.

इजा झाल्यावर पहिला अर्धा तास

भाजलं असेल तर नळाचं वाहतं, साधं थंड पाणी, पूर्ण २० मिनिटं. दोन-तीन मिनिटांत सगळे कंटाळतात, घड्याळ लावा. पहिल्या तीन तासांत केव्हाही केलं तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट, शाई, तूप, काहीच नको: उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीने कापा. लहान मुलाच्या मोठ्या जखमेवर पाणी घालताना बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, ते पटकन गार पडतं. नंतर स्वच्छ, न चिकटणारं प्लॅस्टिकचं पातळ आवरण किंवा धुतलेला सुती कपडा सैल ठेवायचा.

जखमीच्या स्वतःच्या पंजाएवढी जागा म्हणजे त्याच्या शरीराच्या साधारण १ टक्का. त्याहून मोठं भाजलं असेल, किंवा कितीही लहान असलं तरी चेहरा, हात, पाय, सांधा, गुप्तांग यांवर असेल, तर डॉक्टर हवाच. पांढरी, चामड्यासारखी, न दुखणारी जखम ही बरी नव्हे, सर्वात खोल. धनुर्वाताच्या लसीची चौकशी तिथेच करून घ्या.

हातातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून सलग दाबून धरा, हात छातीच्या वर. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून घट्ट बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात. बोटाला बर्फाचा थेट स्पर्श नको. जोडता आलं नाही तरी त्याची कातडी किंवा हाड कधीकधी कामी येतं, म्हणून फेकून देऊ नये.

डोळ्याचा निर्णय एका प्रश्नावर अवलंबून आहे: नुसती राख किंवा पूड गेली, की काही आदळलं? पूड, चुना, कार्बाइड असेल तर लगेच साध्या पाण्याने १५ ते ३० मिनिटं धुवा, पापण्या उघड्या धरून. काही आदळलं असेल, रक्त दिसत असेल, काही रुतलं असेल तर धुऊ नका, चोळू नका, दाबू नका, रुतलेलं काढू नका. कागदी पेल्याचा तळ कापून डोळ्यावर असा चिकटवा की तो भोवतीच्या हाडावर टेकेल, डोळ्याला शिवणार नाही. डोकं उंच ठेवा. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, रक्तस्राव वाढतो. खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बंदीने फरक पडतो का, याचं एक मोजलेलं उत्तर नेदरलँड्समध्ये मिळालं. महासाथीमुळे २०२० सरताना तिथे फटाक्यांची विक्री आणि वापर दोन्ही बंद होते. आधीच्या नववर्षाला सुमारे १,२८५ जखमी उपचारांसाठी आले होते, त्या वर्षी ३८९. शून्य नव्हे, कारण साठवलेले आणि चोरून आणलेले फटाके होतेच.

डोळ्याला बोथट मार बसलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके तरंगणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं म्हणजे मागचा पडदा सुटतोय, आणि त्याच दिवशी तपासायला हवं. डोळ्याच्या आतला द्रव (अश्रू नव्हे) बाहेर जाण्याचा कोपरा त्या मारात फाटला असेल तर काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवतो, न दुखता. म्हणून नजर पूर्ण परतली तरी दरवर्षी डोळ्याचा दाब मोजून घ्यायचा, आणि डॉक्टर बदलले तर जुन्या इजेची तारीख त्यांना आपणहून सांगायची.